घरी येणारी ताई की गटाची बैठक? एचआयव्हीसोबत जगणाऱ्या नागपूरच्या कुटुंबांसाठी

औषधाचा प्रश्न नागपुरात बऱ्यापैकी सुटलाय. सरकारी एआरटी केंद्रावर (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून तर सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की लगेच सुरू करतात. तब्येत स्थिर असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून दोन-तीन महिन्यांचा साठाही एकदम मिळतो. घोडं अडतं ते मधल्या महिन्यांत. तेव्हा आधार कुणाचा घ्यायचा, घरी येणाऱ्या कार्यकर्तीचा की पॉझिटिव्ह लोकांच्या गटाचा?

अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर घरभेटीला तोड नाही. ताई येते, गोळ्या मोजते, ताप-खोकला-वजन विचारते, टीबीची शंका आली तर तपासणीला पाठवते. पण खरा फायदा तिच्यासमोर गोळ्यांची बाटली उघडली की कळतो. बाटली पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. या गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. ओलावा शोषणारी पुडी कचऱ्यात गेलेली असते. खुळखुळ शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून कापूस कोंबलेला असतो. आणि रक्तवाढीची (लोहाची) गोळी त्याच घोटासोबत, तीही उपाशीपोटी. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेली गोळी लोह किंवा कॅल्शियमसोबत रिकाम्या पोटी घेतली तर पुरेशी अंगी लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ओपीडीच्या गर्दीत एवढं खोदून विचारायला वेळ कुणाला असतो?

तोटा एकच, पण मोठा. इंदोरा, पाचपावलीकडे भिंतीला भिंत लागून घरं. अनोळखी बाई बॅग घेऊन दोनदा आली की नळावर प्रश्न ठरलेला: "कोन आल्ती वं तुमच्याकडं?" म्हणून पहिल्या भेटीआधीच बोलून घ्यावं. संस्थेचं नाव असलेली बॅग नको, येण्याआधी फोन हवा, आणि कुणी विचारलंच तर दोघींचं उत्तर एकच हवं. संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. नळावर मात्र कायदा पोचत नाही.

गटात हा धोका कमी. तिथे ओळखीचं कुणी भेटलंच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन धडधाकट असलेला माणूस समोर बसलेला पाहिला की जो धीर येतो, तो कुठल्याही समुपदेशनाने येत नाही, असं माझं मत. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असेल तर पुढे काय, पोराला कधी सांगायचं, हे तिथेच मोकळेपणी निघतं. आणि कागदपत्रांची वाट गटातल्या बायकांना पाठ असते: संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, बालसंगोपनाचे मुलामागे २,२५०, कोणता दाखला आधी काढायचा. अडचण मजुरीची. कामठी-उमरेडहून येणाऱ्याचा रोज बुडतो, आणि पुरुष मंडळी बहुधा फिरकतच नाहीत.

खासगी डॉक्टर हा तिसरा मार्ग. रांग नाही, पण खर्च आयुष्यभराचा, आणि एकटेपणा तसाच.

माझ्या मते कुणाची सेवा जास्त चांगली हे नंतर बघावं. आधी घरात कुणाकुणाला माहीत आहे ते बघावं. सगळ्यांना माहीत असेल तर घरभेट घ्या. एकालाच माहीत असेल, सासू-दीर अंधारात असतील, तर आधी गट. नोंदणी करतानाच घरी येऊ नका आणि फोन माझ्याच नंबरवर करा, असं स्पष्ट सांगा. सोबत टीबी असेल तर मात्र घरभेट टाळू नका. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, आणि संध्याकाळची गोळी हमखास चुकते. मूल पॉझिटिव्ह असेल तर दोन्ही.

ठरत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा. मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही. नाहीतर एआरटी केंद्रातल्या काउन्सेलरला विचारा. घरभेट सुरू करून पटली नाही तर नको म्हणता येतं. त्यामुळे केंद्रावरच्या गोळ्या थांबत नाहीत.