पॉवरपॉइंटमधील निवेदनाची सोय: आवाज आणि स्लाइड यांचा मेळ

म्हापशातील आमच्या वाचनालयात गोव्याच्या किल्ल्यांवरचे, आपोआप चालणारे सादरीकरण लावायचे होते. पहिल्या खेपेस मी सगळे निवेदन एकाच ध्वनिफितीत भरून स्लाइडना अंदाजाने सेकंद दिले. थोडाथोडा फरक साचत गेला आणि १६१२ साली बांधलेल्या आग्वादचे वर्णन सुरू असताना पडद्यावर शापोरा दिसू लागला.

पॉवरपॉइंटमधील ध्वनिमुद्रणाने ही अडचण मुळातच सुटली, कारण त्यात निवेदन स्लाइडगणिक वेगळे साठवले जाते, सोबत त्या स्लाइडचा कालावधीही नोंदला जातो आणि एखादे वाक्य चुकले, तर तेवढीच स्लाइड पुन्हा बोलून भागते. हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र एक पथ्य काटेकोरपणे पाळावे: एक स्लाइड जाऊन दुसरी येत असतानाचा आवाज मुद्रित होत नाही, म्हणून वाक्य पूर्ण करून पुढे जावे आणि नवी स्लाइड स्थिर झाल्यावरच बोलावे, नाहीतर ‘आग्वाद’मधला ‘आ’ हमखास गळतो.

शेवटी सगळ्याचा एमपी४ व्हिडिओ करून तो पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावला. आवाज आणि चित्र एकाच फाइलमध्ये बांधले गेल्यामुळे जुन्या, संथ संगणकाची चिंताही उरली नाही.