ग्रनादाचा अलांब्रा: तिकीट किल्ल्याचं, पण बघायचं ते पाणी

हा रिव्ह्यू दक्षिण स्पेनमधल्या अलांब्राच्या, म्हणजे ग्रनादाच्या टेकडीवरच्या सुलतानांच्या जुन्या किल्ल्याच्या, दिवसभराच्या तिकिटाचा आहे आणि त्याच दिवशी ग्रनादा शहर जेवढं पायी फिरता आलं त्याचा. मी मागच्या सेमिस्टरला स्पेनमध्येच सेविया शहरात शिकायला होते, आता पुण्यात परत आलेय, आणि ज्युनियर्सचे मेसेज येतच असतात की ताई एकच दिवस मिळाला तर बार्सिलोना करू की माद्रिद, आणि मी प्रत्येकाला ग्रनादा म्हणूनच सांगते. स्पेलिंगमध्ये एच आहे पण स्पॅनिशमध्ये तो बोलतच नाहीत, म्हणून अलांब्रा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकताना पहिल्याच आठवड्यात हे कळलं होतं.

आधी तिकीट, कारण गडबड इथेच होते. सगळा परिसर दिवसभर फिरता येतो पण आतले नासरी राजवाडे, म्हणजे नासरी घराण्यातल्या सुलतानांचे महाल, बघायला तिकिटावर ठरावीक वेळ छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत, विनंती करून काही उपयोग नाही. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, माझा दोनदा बघितला, म्हणून ओरिजिनल जवळ ठेवा. आणि अधिकृत साइटवरूनच घ्या आणि लवकर घ्या. मी पहिल्या वेळी एका मधल्याच वेबसाइटवरून घेतलं होतं, जवळपास दुप्पट पैसे घेतले, दोन दिवस आधी मेल आला की कन्फर्म होत नाहीये, आणि पैसे परत यायला महिना गेला. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये तो महिना फार जड जातो हो. मग फेब्रुवारीतला एक शनिवार धरून नीट बुकिंग केलं, दुपारी साडेबाराची वेळ मिळाली.

सेविया ते ग्रनादा साधारण २५० किलोमीटर, म्हणजे पुणे-कोल्हापूरच्या आसपास, बसने तीन तास. खिडकीतून नुसती ऑलिव्हची झाडं, टेकड्याच्या टेकड्या, आणि मग एकदम समोर सिएरा नेवादा डोंगररांगेचा बर्फ दिसतो. शहरात प्लासा नुएवा नावाच्या चौकातून वर चढायला लागायचं. मिनीबस जाते वर, पण चालतच जा, पर्वती चढणाऱ्याला ही चढण काहीच नाही. वाटेत एक कमान आहे, तिच्यावर दगडात कोरलेली तीन डाळिंबं, कारण स्पॅनिशमध्ये ग्रनादा म्हणजे डाळिंबच. कमानीतून आत गेलं की गर्द झाडी आणि रस्त्याच्या कडेच्या पन्हळीतून पाणी खळखळत खाली येत असतं, आणि मी तिथेच पाच मिनिटं उभी राहिले कारण मला प्रश्न पडला की टेकडी वर, नदी खाली, मग हे पाणी येतंय कुठून?

माझ्या मते अलांब्रा बघायचा तो या प्रश्नासाठी. १२३८ मध्ये नासरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद इथे आला आणि या कोरड्या टेकडीवर राजवाडा वसवायचं ठरवलं, तेव्हा पाण्याशिवाय काहीच शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी दार्रो नदीचं पाणी पाच-सहा किलोमीटर वरच्या बाजूला अडवलं आणि डोंगराच्या कडेकडेने जेमतेम उतार देत एक पाट काढून ते टेकडीवर आणलं, पंप नाही काही नाही, नुसता उतार. त्या पाटाला म्हणतात आसेकिया रेआल, म्हणजे राजाचा पाट. आसेकिया हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला, आणि गंमत म्हणजे आपला हौद हा शब्दसुद्धा अरबीतलाच, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. म्हणजे पाण्याचे शब्द एकाच घरातून निघून एक तिकडे गेला आणि एक आपल्या पेठेत आला, हे लक्षात आल्यावर मला तिथे अगदी ओळखीचं वाटायला लागलं.

आतले राजवाडे शब्दात पकडणं अवघड आहे. भिंतींवर अरबी अक्षरं आणि कविता कोरलेल्या, पण माझं लक्ष सारखं खाली जात होतं. पहिल्या मोठ्या चौकात लांबलचक हौद आहे, दोन्ही बाजूला मेंदीसारखी कातरलेली झुडपं, आणि पाणी दोन टोकांच्या छोट्या गोल कारंज्यांमधून इतकं हळू सोडलंय की पृष्ठभाग हलत नाही, म्हणून अख्खा बुरूज त्यात उलटा दिसतो. पुढचा सिंहांचा चौक याच्या बरोब्बर उलट, मध्ये १२ संगमरवरी सिंह, त्यांच्या तोंडातून पाणी आणि जमिनीतल्या चार बारीक पन्हळी चार दिशांनी येऊन मध्यावर मिळतात. एका ठिकाणी पाणी स्थिर ठेवलंय आणि शेजारीच त्याला बोलतं केलंय. हे सगळं १४ व्या शतकातलं. नंतर २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर ख्रिश्चन राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या ताब्यात दिलं, त्याच वर्षी कोलंबस निघाला. त्यांच्या नातवाने, पाचव्या कार्लोसने, मध्येच एक भलामोठा चौकोनी महाल घातलाय, आतला चौक गोल आहे, आवाज घुमतो, पण मला त्यात वेळ घालवावासा वाटला नाही.

शेवटचा तास हेनेरालिफेसाठी ठेवा, कंटाळून परत फिरू नका. ही सुलतानांची उन्हाळ्यातली बाग, राजाचा पाट थेट हिच्या मधून जातो. दोन्हीकडून कमानीसारखे उडणारे फवारे फोटोत असतात ते खरं तर खूप नंतरचे आहेत, मूळचं पाणी शांतच वाहायचं. त्याहून वर पाण्याचा जिना आहे आणि मला विचाराल तर सगळ्या तिकिटाचे पैसे तिथे वसूल. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला कठडा आहे आणि कठड्याच्या माथ्यावरच पन्हळ, त्यातून पाणी धावतंय, म्हणजे जिना उतरताना तुम्ही जिथे हात ठेवता तिथे पाणी. मी हात घातला, बर्फासारखं गार. आणि तिथे मला आजोबा आठवले.

आजोबा सदाशिव पेठेतले. त्यांनी लहानपणापासून सांगितलेलं की नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शहरात आणलं, ते असंच नुसत्या उतारावर, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले होते आणि पेठापेठांतल्या हौदांत ते पडायचं, शनिवारवाड्याची कारंजी त्यावर चालायची. मी हे ऐकून सोडून दिलं होतं. फडके हौद चौकातून रोज कॉलेजला गेले पण हौद हा शब्द कधी कानात शिरलाच नाही. ग्रनादात त्यांनी तोच विचार चालू स्थितीत ठेवलाय, हात घालून बघता येतो, आणि आमचा रस्त्याखाली गेला, याचं मला तिथे जिन्यावर उभं राहून फार वाईट वाटलं. आजोबांना त्या पाण्याचा व्हिडिओ काढून पाठवला, त्यांनी फोन करून विचारलं, उतार किती ठेवलाय गं त्यांनी?

समोरच्या टेकडीवर अल्बाइसिन नावाची जुनी वस्ती, गोटे बसवलेल्या गल्ल्या, पांढरी घरं. तिथे जागोजागी विटांची बुटकी बांधकामं दिसतील, ती जुनी टाकी, अल्हिबे म्हणतात, घरोघरी नळ यायच्या आधी वस्ती त्यावर जगली. नकाशा बघत दोन-तीन तरी शोधा. संध्याकाळी सान निकोलासच्या कट्ट्यावर सगळेच जातात, गर्दी असते, बॅग पुढे धरा, पण मावळतीला समोरचा किल्ला तांबडा होतो आणि मागे बर्फ, हे बघितलंच पाहिजे. अलांब्रा शब्दाचा अर्थच तांबडी.

खाण्याचं. ग्रनादात ड्रिंक मागवलं की सोबत तापा, म्हणजे छोटी प्लेट, फुकट येते, साधा द्राक्षाचा रस घेतला तरी मला मिळाली. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, मांस नको, हॅम नको, टूना नको असं तिन्ही वेगवेगळं सांगा. एका ठिकाणी मी हे सांगूनही सूपमध्ये हॅमचे तुकडे निघाले, बदलून द्यायलाही तयार नव्हते, उपाशीच उठले. पण पुढच्या गल्लीत वांग्याचे तळलेले काप मिळाले आणि वर घातलं होतं उसाचं मध, आणि एक घास घेतल्यावर कळलं की अरे ही तर काकवी! याच भागाच्या दक्षिण किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून कित्येक शतकं ऊस पिकवायचे. वांगं आणि काकवी हे आपल्याला का सुचलं नसेल देव जाणे, अप्रतिम लागतं.

मी पाचपैकी पाच देईन, तिकीट महाग वाटलं तरी. फक्त दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात, त्या वेळेत वरच राहा, आणि परतीची बस रात्री साडेआठच्या आधीची घेऊ नका. चांगले बूट घाला, गोट्यांनी पाय सोलवटतात.

आजोबा आणि मी पुढच्या रविवारी सकाळी कात्रजला तलावावर जाणार आहोत, नळाचे उच्छ्वास कुठे कुठे होते ते त्यांना आठवतंय म्हणे, मी वही घेऊन जाणार आहे.