डमास्कस सुरीचं तयार पातं, फिनिशिंग आपल्या हाती
पातं हार्डन करूनच येतं, म्हणजे भट्टी-हातोड्याची भानगड नाही, आपल्याला उरतं पॉलिश, एचिंग (रसायनात बुडवून नक्षी उठवणं) आणि मूठ. डमास्कस म्हणजे दोन जातींच्या स्टीलचे थर, इथे १०९५ आणि १५एन२०, फेरिक क्लोराइडमध्ये १०९५ काळं पडतं आणि निकेलवालं १५एन२० चमकत राहतं, नक्षी येते ती तिथूनच. पण कंपनीचं फिनिश अगदीच वरवरचं हो, ग्राइंडरचे आडवे ओरखडे तसेच सोडलेत, ते काढायला २२० पासून ८०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर हाताने घासत बसायचं आणि इथे टंगळमंगळ केली तर एचिंगनंतर एकेक ओरखडा उठून दिसतो. एचिंग करताना ग्लोव्हज घालाच, नंतर पातं खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. नक्षी मात्र खरी निघाली, वरून छापलेली नाही, घासून परत एच केलं तरी तीच येते!! मुठीच्या पितळी पिना भोकात सैल बसतात, इपॉक्सी गोंदावर निभावलं. बेल्टवर धार लावताना पातं सारखं पाण्यात बुडवा, तापून निळं पडलं की टेंपर, म्हणजे पात्याचा कडकपणा, गेलाच. स्टेनलेस नाहीये, ओलं ठेवलं की गंज. नवख्यांनी घ्यायला हरकत नाही, घासायचा कंटाळा असेल तर मात्र नका घेऊ.