रामकुंडावर घड्याळाचा मनोरा

सिंहस्थाच्या पुस्तकाचं काम देतो म्हणून एका माणसाने मला फसवलं. किती गेले तो आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर प्रत्येक जण आडून आडून तेच विचारतो. 41,069 रुपये. त्यातले 549 पेन ड्राइव्हचे, ज्यात माझे 240 फोटो भरून मी स्वतः स्कूटरवर जाऊन त्या माणसाच्या हातात दिले. त्या दिवशीचं मिसळीचं बिलही मीच दिलं. ते यात धरलेलं नाही.

नाशिकला पंचवटीत माझा एका गाळ्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, यावर घर चालतं. उरलेल्या वेळात गेली 16 वर्षं मी या गावाचे फोटो काढतोय, कुणी सांगितलेलं नसताना. डिसेंबरात पहाटे गोदेवर धुकं असतं तेव्हा घाटावर कपडे आपटणाऱ्या बाया. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणारी पोरं (कॅमेरा दुधाच्या पिशवीत गुंडाळला होता, तरी एक लेन्स कायमची पिवळट झाली). 2015 च्या सिंहस्थात 29 ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला मी रात्री दोनपासून एका ओट्यावर पाय आखडून बसलो होतो. आणि ऑगस्ट 2019 चा पूर. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं, आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या मेव्हण्याची पिवळी छत्री. ती छत्री लक्षात ठेवा.

हे सगळं मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या माणसाने फोनवर नेमकी हीच यादी मला म्हणून दाखवली, म्हणून सांगतोय. "दादा, तुमचा पुराचा फोटो पाहिला आणि झोप लागली नाही. हे गाव असं कुणी पाहिलंच नाही." आता 16 वर्षांत मला असं कोण म्हणालं होतं? घरचे सोडून द्या, घरच्यांनीही नाही.

योजना अशी होती: 2027 च्या सिंहस्थासाठी 'उत्तर महाराष्ट्राचं नगरजीवन' नावाचा जाडजूड ग्रंथ. नाशिक, मालेगाव, धुळे, जळगाव. नाशिकचा पूर्ण भाग माझा, फोटोला 2,000 रुपये, 240 फोटो, म्हणजे 4,80,000. वर म्हणाला, "पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर नकोत, ते दोन दिवस येतात आणि द्राक्षाचे घड काढून जातात." इथेच मी विरघळलो. उत्तर महाराष्ट्र म्हटलं की कांद्याचा भाव आणि निफाडचा पारा, एवढ्यापुरतीच आमची आठवण होते. कुणीतरी पहिल्यांदा आमच्या गल्ल्यांबद्दल बोलत होतं. आणि सिंहस्थाची हवा होतीच. गेलं वर्षभर गावात ज्याला त्याला कसलं ना कसलं टेंडर लागणार होतं, मांडववाल्यापासून रिक्षावर स्टिकर लावणाऱ्यापर्यंत. मग मलाच का नाही?

पुढचं तुम्हाला पाठ असेल. काम मिळण्याआधी पैसे भरा, ही तीच जुनी तऱ्हा. नोंदणी 10,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, 11,800. मग कामाच्या 5 टक्के अनामत, 24,000, परत मिळणारी. मग 'करारनामा व छाननी' 4,000 अधिक जीएसटी, 4,720. जीएसटी लावला होता हो! चोरानेसुद्धा 18 टक्क्यांचा हिशेब चोख केला होता. हसणाऱ्यांनी हसा, पण ज्याने कधी सरकारी कामाचा फॉर्म भरलाय त्याला विचारा, अनामत रक्कम भरावी लागतेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, ते त्यामुळे. पैसे फर्मच्या नावावर न जाता कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर गेले. पैसे पाठवताना ते नाव मोबाइलवर स्पष्ट दिसत होतं. "चालू खात्याचं ऑडिट चाललंय, मॅडमच्या खात्यावर टाका." टाकले. तिन्ही वेळा.

पण माझं काळीज जळतं ते खात्यावरून नाही, लेटरहेडवरून.

वर्क ऑर्डर आली, रंगीत, गोल शिक्का, जावक क्रमांक. वरच्या पट्टीत नदीकाठच्या आरतीचा फोटो, दिवे, गर्दी. मी प्रिंट काढून घरी नेली आणि हिला दाखवली. ही मेथी निवडत होती. ओले हात पदराला पुसून तिने कागद धरला, जरा लांब नेला आणि म्हणाली, "अहो, रामकुंडावर घड्याळाचा मनोरा कधी बांधला?"

मी पाहिलं. खरंच मनोरा होता. हरिद्वारची हर की पौडी. तिथला तो घड्याळाचा मनोरा कोण ओळखणार नाही! आणि मी काय म्हणालो? "डिझायनर पोरं काहीही टाकतात गं, गूगलवरून उचलतात."

हे वाक्य मी बोललो. रामकुंडावर कोणत्या महिन्यात किती वाजता कुठल्या पायरीवर ऊन येतं हे मी झोपेत सांगेन. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मामीचा रंग एक छटा लाल झाला तर मी लॅबवाल्याशी तासभर भांडतो. ज्याचं पोट नजरेवर चालतं त्याने समोर हरिद्वार बघितलं आणि नाशिक म्हणून सोडून दिलं. शिवाय कुणाचा तरी फोटो उचलून लेटरहेडवर लावणारा माणूस माझ्या फोटोंचं काय करेल, हेही मला त्या वेळी सुचू नये! बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दुसरी चूक याहून महाग. त्याला जेपीजी चालत नव्हते. "छपाईला रॉ लागतात दादा, कलर आम्ही करून घेऊ." रॉ म्हणजे आमच्या धंद्यातला सातबारा. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल ज्याच्याकडे, फोटो त्याचा, असं साधारण धरलं जातं. सातबारा दाखवायचा असतो, काढून द्यायचा नसतो, हे मी नवशिक्या पोरांना कितीदा सांगितलंय! आणि स्वतः चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह भरून दिला, फोल्डरला वर्षांप्रमाणे नावं देऊन, त्याला शोधायला त्रास नको म्हणून. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्वतःचं नाव टाकायची सोय असते, एकदा टाकलं की प्रत्येक फाइलला आपोआप चिकटतं. दोन मिनिटांचं काम आहे. 16 वर्षांत केलं नाही. तुम्ही हे वाचताय तो कॅमेरा जवळ असेल तर आत्ता उठा आणि टाका, बाकीचं नंतर वाचा.

चौथी मागणी आली, 'विमा' म्हणून 9,440 ची. मी म्हटलं, पहिला हप्ता आला की भरतो. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. तरीही मी 19 दिवस थांबलो. आजारी असेल, दिवाळी आहे, गावी गेला असेल. खरं सांगू? कुणाला सांगायचीच लाज वाटत होती. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो विसाव्या दिवशी, तोवर खातं कधीच रिकामं झालं होतं. पैसे गेले की त्याच तासाला 1930 फिरवा. नातेवाइकांना नंतर कळवा.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, पिन कुणी टाकला? मी. ओटीपी कुणाला सांगितला? कुणालाच नाही. "मग फसवणूक कशी? तुम्हीच पाठवलेत." माझ्या मागे रांगेत पासबुक भरायला आलेल्या आजी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच चोर.

जानेवारीत स्कूटर पंक्चर झाली. द्वारका चौकाच्या अलीकडे एका टायरवाल्याकडे थांबलो. भिंतीवर नवं कॅलेंडर, वाऱ्याने पानं फडफडत होती. ऑगस्टचं पान उलटलं आणि मला पिवळी छत्री दिसली. अर्धी. बाकीची कापली होती, पण छत्रीची दांडी धरलेला मेव्हण्याचा हात, त्यावरचं घड्याळ, सगळं तसंच. मारुती, पाणी, माझा ऑगस्ट. खाली टायर कंपनीच्या वितरकाची जाहिरात. माझं नाव कुठेच नाही. टायरवाल्याने 20 रुपये मागितले तेव्हा मी ऐकलंच नाही म्हणे. कॅलेंडर मागून घेतलं.

त्यावर छापखान्याचं नाव होतं. मालक भला माणूस निघाला, हेच मला जास्त झोंबलं. त्याने बिल काढून दाखवलं: सहा फोटो, 3,000 रुपये. फोटोला 500. चार लाख ऐंशी हजारांचं स्वप्न बघणाऱ्या माझ्या कामाचा बाजारभाव मला त्या दिवशी कळला. "आम्ही पैसे देऊन घेतलेत, आमचा काय दोष?" त्याचंही खरं. बिलावरची फर्म अर्थातच कुठे नाही.

मग पोलीस ठाणं. कोणतं ते लिहीत नाही, मला तिथे अजून जायचंय. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदाराने विचारलं:

"काय चोरीला गेलं?"

"फोटो, साहेब."

"तुमच्याकडे आहेत का ते अजून?"

"आहेत, कॉम्प्युटरवर."

"मग चोरीला काय गेलं?"

याचं उत्तर मला आजही एका वाक्यात देता येत नाही. दुसऱ्या खेपेला हद्दीचा खेळ. स्टुडिओ नदीच्या या काठाला, फोटो दिले गंगापूर रोडला, खातं परराज्यातलं, कॅलेंडर सापडलं द्वारकेला. गोदावरी ओलांडली की हद्द बदलते, आणि माझा गुन्हा म्हणे पुलावरच घडला असावा. तिसऱ्या खेपेला म्हणाले, कॉपीराइट म्हणजे दिवाणी मामला, वकील बघा. मी अभ्यास करून गेलो होतो. कॉपीराइट कायदा 1957 चा, कलम 63, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड. आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. निकालाची प्रिंट पुढे ठेवली. साहेबांनी ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहून घेतला. माझ्या डोळ्यांदेखत! पाचव्या खेपेला अर्ज घेतला. त्याची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक मागा, नाहीतर तुम्ही कधी आलाच नव्हता. मला हे चहाच्या टपरीवरच्या माणसाने सांगितलं, आतल्या कुणी नाही. आज अकरावी खेप झाली. "तपास चालू आहे." स्टुडिओ बंद ठेवून गेलेल्या त्या अकरा सकाळींचे पैसे कुठल्या रकान्यात धरू?

एक वकील भेटले, सरळ बोलणारे. त्यांच्याकडून कळलं ते असं. फोटो काढला त्या क्षणी हक्क आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, लग्नाचा वगैरे, वेगळं ठरलेलं नसेल तर गिऱ्हाइकाचा. माझे हे 240 कुणाच्याच ऑर्डरचे नाहीत, म्हणून माझे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी लागतं, आणि मी सही केली ती फक्त पावतीवर. ही एकच गोष्ट मी चुकून बरोबर केली. दावा स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो, दिल्लीला जावं लागत नाही. नोंदणीला एका फोटोला 500 रुपये. म्हणजे 240 चे 1,20,000. ते कुठून आणू? पाच-दहा निवडक फोटो तरी नोंदवा, मी पुराच्या फोटोचा अर्ज टाकलाय.

मग त्यांनी विचारलं, "त्या फोटोच्या मागची-पुढची फ्रेम आहे का?" आहे की! पुराच्या वेळी मी सलग नऊ फोटो काढले होते, दिला त्यातला पाचवाच. उरलेल्या आठांत छत्री हळूहळू डावीकडे सरकताना दिसते. हे आठ त्या भामट्याकडे असणं शक्य नाही. म्हणून बाबांनो, नापास फ्रेम डिलीट करू नका. हार्ड डिस्क भरली तर दुसरी घ्या, 41,069 पेक्षा स्वस्त पडते. नमुना पाठवाल तो लहान आकाराचा, नाव मधोमध टाकून. कोपऱ्यातलं नाव कात्रीने जातं. आणि काम देणारा पैसे देतो, घेत नाही, हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे, तरी लिहितो.

काल छापखान्याच्या मालकाचा फोन आला. वकिलांमार्फत पाठवलेली नोटीस मिळाली म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरला सिंहस्थाचे आणि रहाडीचे फोटो हवेत, तुमच्याकडूनच घेतो, नावही टाकतो. भाव विचारला तर म्हणाला, तोच, 500.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. गाळ्याचं भाडं पाच तारखेला द्यायचंय, 9,000.