बाबांचं एचएमटी जनता मनगटावर: आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, हे घड्याळ दिवसाला दीड-दोन मिनिटं मागे पडतं. ज्यांना ते चालणार नसेल त्यांनी पुढे वाचलं नाही तरी हरकत नाही. मी डोंबिवलीहून रोज लोकल पकडते. तिथे मिनिटभरात गाडी जाते आणि पुढच्या गाडीत अर्धा तास लोंबकळत काढावा लागतो. तरी आठ महिने हेच घालतेय.

घड्याळ बाबांचं. बाबा ठणठणीत आहेत, घड्याळ त्यांनीच टाकून दिलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी हाताला पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि तेव्हापासून रात्री साडेनऊला राहिलेली चारशे पावलं पूर्ण करायला ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून जनता निघालं तेव्हा म्हणाले, “घे, नाहीतर भंगारात जाईल.” चावीचं, १७ ज्युएल्स (म्हणजे चाकं झिजू नयेत म्हणून आत बसवलेले खडे), तबकडी एकेकाळी पांढरी होती ती आता दुधाळ चहासारखी, आणि तिच्यावर देवनागरीत ‘जनता’. १९८३ साली नोकरीत कायम झाल्यावर घेतलं होतं म्हणे. किंमत त्यांना आठवत नाही, पण दाढी करता करता आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पीप-पीपवर ते लावायचे, हे मला आठवतं.

मला ते हवं होतं त्याचं कारण मात्र बाबा नव्हेत, फोन. वेळ बघायला फोन काढायचा, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून जुंपलेलं भांडण वाचायचं, कुणाच्या तरी भाचीच्या बारशाचे फोटो बघायचे आणि फोन पर्समध्ये परत टाकायचा. टाकल्यावर लक्षात यायचं की वाजले किती ते पाहिलंच नाही. मग पुन्हा काढायचा. एका दिवशी फोननेच हिशेब दाखवला: ११२ वेळा उघडला.

स्टेशनाजवळ जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि “तेलाचा गोंद झालाय” म्हणाले. तीन आठवडे घेतले, सातशे रुपये घेतले. चावी झिजली होती, ती त्यांच्याकडच्या डब्यातल्या दुसऱ्या एचएमटीची काढून बसवली. बिस्किटाचा डबा, त्यात शंभरेक मेलेली घड्याळं. नवीन पार्ट आता येणार कुठून? बंगळुरूचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साथीने सुरू झाला, देशभर मनगटामनगटावर गेला आणि २०१६ साली सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून बहुतेकदा एक जगवायला दुसरं मोडावं लागतं. पट्टा मात्र १८ मिमीचा कुठेही मिळतो.

चावी द्यायची सकाळी, चहा उकळेपर्यंत. पंचवीस-तीस पिळे, पुढे बोटाला जड लागतं तिथे थांबायचं. एका चावीवर साधारण दीड दिवस चालतं. रविवारी विसरले की सोमवारी सकाळी ते मान टाकून बसलेलं असतं. वेळ लावते प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरवर. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, तेव्हा सेकंदाला सेकंद जुळवायच्या फंदात पडू नका. मी सरळ तीन मिनिटं पुढे लावते आणि विसरून जाते की पुढे लावलंय.

आता फेब्रुवारीतली गंमत. एके दिवशी घाईघाईने स्टेशनात शिरले तर प्लॅटफॉर्मवर ओळखीचा एकही चेहरा नाही. आमचा ग्रुप नाही, मटारची पिशवी घेऊन येणाऱ्या मावशी नाहीत. गाडी गेली असं समजून हळहळले. मग इंडिकेटर पाहिला. मी वीस मिनिटं लवकर आले होते. मागे पडणारं घड्याळ रातोरात पळायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांनी घड्याळ न उघडता आधी खणातून छोटं होकायंत्र काढलं आणि जवळ धरलं. सुई गर्रकन वळली. “मॅग्नेट पकडलंय. रात्री फोनजवळ ठेवता का?” ठेवत होतेच. जवळ कसलं, फोनच्या फ्लिप कव्हरवर, आणि ते कव्हर लोहचुंबकाने बंद होतं. घड्याळात केसापेक्षा बारीक हेअरस्प्रिंग असते, तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले की ती जणू आखूड होते, आणि टिकटिक चालवणारं बॅलन्सचं चाक भराभर हलायला लागतं. काकांनी चुंबकत्व काढणाऱ्या एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबून धरलं आणि घड्याळ हळूहळू वर उचलत हातभर लांब नेलं. बस्स. पन्नास रुपये. फोनपासून सुटका म्हणून आणलेल्या घड्याळाला फोनने असं गाठलं होतं. तेव्हापासून दोघांची झोपायची जागा वेगळी.

मग फोन सुटला का? नाही. उघडणं ११२ वरून सत्तरच्या आसपास आलं, हे खरं. पण एकूण वेळ चार तासांवरून साडेतीनवर आला, एवढंच. यूपीआय आहे, ओटीपी आहे, मुलाच्या शाळेचे मेसेज आहेत, आणि रात्री अकराला पांघरुणात शिरल्यावर जे चालतं त्याच्याशी घड्याळाचा काही संबंध नाही. वेळ किती झाली ते कळलं म्हणून कुणी झोपत नाही. ‘जुनं घड्याळ घातलं आणि आयुष्य बदललं’ छापाचं कुणी लिहिलं तर दुर्लक्ष करा. माझ्याकडून एक निमित्त तेवढं गेलं. पण ते दिवसातून चाळीस वेळा येणारं निमित्त होतं, आणि ते गेल्याचं जाणवतं. बँकेच्या रांगेत उभी असताना वेळ पाहिली की फक्त वेळ कळते, मग पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत उभं राहावं लागतं. पहिले काही दिवस त्याचाच कंटाळा आला.

लोकलमध्ये आणखी एक फायदा. दारात फोन काढणं म्हणजे फटका गँगला आमंत्रण. रुळाजवळून काठीचा फटका बसतो आणि फोन खाली. घड्याळ नुसतं मनगट वळवून दिसतं. अर्थात दिवा स्टेशनानंतर हात हलवायलाच जागा नसते, तेव्हा मी शेजारणीच्या फोनवर वेळ बघते. डब्यात सुरुवातीला “जेन्ट्सचं का घातलंस?” असं झालं, आता रोज कुणीतरी “तुझं किती मागे?” विचारून घेतं. ऑफिसात मात्र सांभाळा. मीटिंगमध्ये फोन बघितला तर कुणाला काही वाटत नाही, मनगटाकडे पाहिलं की साहेब विचारतात, “निघायचंय का?”

पावसाचं सांगायलाच हवं. जुलैत काचेच्या आतून वाफ धरली. मी शहाणपणा करून रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. काकांनी ऐकून कपाळाला हात लावला. पीठ आत गेलं तर पुन्हा सगळं खोलून धुवावं लागतं म्हणाले. आता जून ते सप्टेंबर ते डब्याच्या पिशवीत, झिपवाल्या पाकिटात प्रवास करतं, आणि त्या दिवसांत फोन उघडण्याचा आकडा नव्वदवर जातो.

घरात कुणाचं पडलेलं नसेल आणि विकत घ्यायचं असेल तर ऑनलाइन मिळणाऱ्या लालभडक, पोपटी तबकड्यांपासून सावध राहा. शौकीन मंडळी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी, आत निरनिराळ्या घड्याळांचे पार्ट. माझ्या चुलतभावाने घेतलेलं दिसायला झकास होतं, दोन महिन्यांत बसलं. आधी काका, मामा, आत्या यांच्या कपाटात विचारा.

बाबांना यातलं काहीही पटलेलं नाही. गणपतीला आले होते, तेव्हा घड्याळ टेबलावर होतं. टीव्ही बघता बघता त्यांनी उचललं, न बघताच पिळे दिले, बरोबर जड लागलं तिथे थांबले, कानाला लावलं. मग परत ठेवत म्हणाले, “चालतंय. पण पावलं नाही ना मोजत.” आणि उरलेली चारशे पूर्ण करायला गॅलरीत गेले.