लेकीचं तिसरीचं वर्ष कॅथलिक शाळेत: सांगलीतल्या एका आईचा अनुभव

जून २०२४ मध्ये लेकीला तिसरीसाठी सांगलीतल्या एका कॅथलिक शाळेत घातलं. १ मे २०२५ ला निकाल हातात आला, सुट्टी लागली. प्रवेश घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं होतं, पण जे सापडलं ते फी, बस, शिस्त आणि पोरं इंग्रजी फाडफाड बोलतात की नाही, एवढ्यापुरतंच. तिथलं धार्मिक वातावरण रोजच्या रोज कसं असतं आणि ख्रिस्ती नसलेल्या घरातल्या मुलाला ते कसं मानवतं, यावर कुणी नीट लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी शाळेत समोर बसून सांगितल्या आहेत.

आमचं घर वारकरी. सासूबाईंच्या गळ्यात माळ, एकादशी कधी चुकत नाही. शाळा बदलतोय म्हटल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पोरीला बाटवणार नाहीत ना? सासूबाई मात्र म्हणाल्या, "देवाचं नाव घेतात ना तिथं? मग घेऊ दे."

आपल्याकडे ख्रिश्चन म्हटलं की डोळ्यांपुढे येतं मिरजेचं मिशन हॉस्पिटल, वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली उभं केलेलं. पण ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचं विश्व वेगळं: पोप, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मरियामाता, जपमाळ, संतांचे सण, शाळा चालवणाऱ्या सिस्टर. लेकीच्या वर्गात कॅथलिक मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी हिंदू, जैन, मुस्लिम. आपल्या भागातल्या बहुतेक कॉन्व्हेंटचं चित्र असंच आहे.

प्रवेशाच्या वेळी मी मुख्याध्यापिका सिस्टरना सरळ विचारलं, प्रार्थनेची सक्ती आहे का? त्या म्हणाल्या, "हात जोडून शांत उभी राहिली तरी चालेल. म्हणायलाच हवं असं नाही." कायदाही तेच सांगतो. संविधानाच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढता येतात आणि चालवता येतात. पण कलम २८(३) नुसार सरकारमान्य शाळेतल्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करून घेता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या होत्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या. आमच्या शाळेत उद्देशिका रोज होते. लेकीला ती इंग्रजीत तोंडपाठ झाली आहे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिने तिच्या बाबांना विचारून झाला आहे. सिस्टरनी दिलेला शब्द वर्षभर पाळला गेला.

जून ते डिसेंबर चारचौघांच्या शाळेसारखंच गेलं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, तेव्हा कॅथलिक मुलं मधल्या सुट्टीत जपमाळ म्हणायला जायची. नाताळात वर्गावर्गात गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा झाला, गवत-माती पोरांनीच आणली. स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा खर्च मात्र खटकला. ठरावीक दुकानातूनच घ्यायचा, एकदाच घालायचा आणि पैसे वर्गणीतून वेगळे. हे शाळेला लेखी कळवलं आहे.

खरं सांगायचं ते मार्चपासूनचं. इतर शाळांत मार्च-एप्रिल म्हणजे उजळणी, सराव पेपर आणि घरात ताण. इथे त्याच काळात प्रायश्चित्तकाळ येतो, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपासाचा काळ. यंदा ५ मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे त्याचा पहिला दिवस होता. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. फादरनी कॅथलिक मुलांच्या कपाळावर राखेने क्रूस काढला, बाकीची मुलं रांगेत बसून बघत होती. लेकीने घरी येऊन वर्णन केल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपण बुक्का लावतो तसंच की." त्या दिवसापासून शाळेतल्या प्रार्थनेच्या टेबलावर जांभळं कापड आलं, फुलदाणी उचलली गेली आणि गाण्यांतून 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द गायब झाला. लेकीने हे सगळं टिपलं होतं आणि कारणं विचारून आली होती. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा उपासाचा दिवस नसतो, म्हणजे ४०. वहीच्या मागच्या पानावर तिने तो हिशेब मांडून ठेवलाय.

लहान मुलांनी उपास करावा असं कुणीही सांगितलं नाही. चर्चच्या नियमानुसार उपास १८ ते ५९ वयाच्या माणसांना आणि मांसाहार वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. मुलांना दिली होती ती पुठ्ठ्याची घडी. ती दुमडून चिकटवली की वरच्या बाजूला फट असलेली छोटी पेटी होते. कॅथलिक मुलांनी तिच्यावर क्रूस काढला, बाकीच्यांना हवं ते काढायची मुभा. आमच्या पेटीवर कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे, खाली निळं पाणी आणि त्यात पुलाच्या खांबांपेक्षा मोठे मासे.

वर्गशिक्षिकेने प्रत्येकाला दोन प्रश्न दिले: तू काय सोडणार, आणि ते कुणाला मिळणार? दुसऱ्या प्रश्नामुळे मला ही शाळा मनापासून आवडली. आपल्याकडेही सोडणं भरपूर आहे. चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी चहा. पण सोडलेल्याचं पुढे काय झालं हे आठ वर्षांच्या पोरीला कुणी विचारत नाही. लेकीने शाळा सुटल्यावरची भडंगाची पुडी सोडली. सांगलीच्या पोरीने भडंग सोडणं म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको. रोजचे ते पैसे पेटीत पडायला लागले. एका शुक्रवारी तिने पुडी घेतली, खाल्ली आणि घरी येऊन स्वतःच्या गल्ल्यातले पैसे पेटीत टाकले. आम्ही कुणीही काही बोललो नव्हतो.

पेट्या ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गोळा झाल्या. कुठल्या वर्गाने किती जमवलं याची चढाओढ शाळेने मुद्दाम लावली नाही. सगळं एकत्र मोजलं आणि फळ्यावर एकच आकडा लिहिला. त्यातून गावातल्या एका वृद्धाश्रमाला धान्य गेलं, तेही चौथीच्या मुलांनी स्वतः नेऊन दिलं. वर्गवार आकडे लावले असते तर पहिल्याच दिवशी पालकांनी पेट्यांत नोटा कोंबल्या असत्या, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

यंदा आणखी एक योग आला. रमजानही मार्चच्या सुरुवातीलाच सुरू झाला, ३१ मार्चला ईद, तिच्या आदल्या दिवशी गुढीपाडवा. लेकीच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी रोजे, पुढच्या बाकावरच्या मुलाच्या घरी प्रायश्चित्तकाळ, आमच्या घरी एकादशी. वर्गशिक्षिकेने एक तास यावरच घेतला. प्रत्येकाने आपल्या घरात उपास कोण करतं, कसा सोडतात, सोडताना पहिला घास कशाचा, ते सांगायचं. खजूर, साबुदाणा, भगर, शुक्रवारची बिनमांसाची आमटी, आणि एका जैन मुलाने तर आजीच्या फक्त उकळलेल्या पाण्यावरच्या उपासाचं सांगितलं. त्या तासाबद्दल लेक अजून बोलते.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. आठवड्यातून ठरावीक तासाला कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला वेगळ्या खोलीत जातात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. कागदावर ही सोय योग्यच आहे, पण प्रत्यक्षात मूल्यशिक्षणाचा तास जानेवारीनंतर बहुतेक वेळा गणिताचा राहिलेला भाग उरकण्यात गेला. तिकडे ती मुलं गोष्टी ऐकतात, गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात आणि आमची पोरं वर्कबुक भरतात. लेकीने विचारलं, "आई, त्यांना देवाबद्दल शिकवतात, मग आम्हाला का नाही?" जी शिक्षिका उपासांवर इतका सुंदर तास घेऊ शकते, तिला दर आठवड्याला तेवढी मोकळीक मिळायला हवी. पालकसभेत मी हे बोलले. आणखी चार-पाच जणांनी दुजोरा दिला. जूनपासून त्या तासाला दुसरा विषय घेणार नाही, असं शाळेने सांगितलं आहे.

परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. सकाळची शाळा असूनही घरी येईस्तोवर पोरं उन्हाने लाल व्हायची. १३ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १८ ला गुड फ्रायडे, २० ला ईस्टर आणि मधेमधे पेपर. गुड फ्रायडेच्या आधी मोठ्या मुलांनी पटांगणात क्रुसाची वाट केली, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, तिचे १४ टप्पे. प्रत्येक टप्प्यावर येशूच्या दुःखाबरोबर आजच्या कुणाच्या तरी दुःखासाठी प्रार्थना होती: पुरात घर गेलेल्यांसाठी, दवाखान्यात खाटेवर असलेल्यांसाठी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी. २०१९ चा पूर इथल्या घराघराने पाहिला आहे. त्या टप्प्याला थांबलेल्या काही आया डोळे पुसत होत्या, मीही त्यांत होते.

ईस्टरनंतर टेबलावर पांढरं कापड आलं, फुलं आली, आलेलुया परत आलं. आणि लगेच २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. दुसऱ्या दिवशी देशात सरकारी दुखवटा, झेंडे अर्ध्यावर. शाळेत प्रार्थना झाली. त्याच दुपारी पहलगामचा हल्ला झाला. २६ माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातली सहा. २३ तारखेला सकाळी प्रार्थनेच्या टेबलावर पोपच्या फोटोशेजारी एक समई ठेवली होती, मेलेल्यांसाठी. मुलांना घाबरवणारं काहीही सांगितलं नाही, रागाचं एक वाक्य नाही, आणि काही झालंच नाही असाही आव आणला नाही. दोन मिनिटं शांतता, मग ज्याला जी येते ती प्रार्थना. लेकीने पसायदान म्हटलं. घरी टीव्हीवर त्या दिवशी जे चाललं होतं ते बघता, मुलं सकाळी तिथे होती याचं मला फार बरं वाटलं.

२७ एप्रिलला कार्लो अकुतिस या मुलाला संत घोषित करणार होते. पोप गेल्यामुळे तो सोहळा पुढे ढकलला गेला. शाळेने त्याचा तक्ता आधीच लावलेला होता, तो तसाच राहिला. १९९१ चा जन्म, २००६ मध्ये १५ व्या वर्षी ल्युकेमियाने मृत्यू, संगणकाचा नाद, जीन्स घातलेला फोटो. संत असाही असतो, हे लेकीला भयंकर आवडलंय.

परीक्षा संपली त्या दिवशी आभारप्रार्थना आणि चौथीचा निरोप होता. कल्पना फार चांगली: बक्षिसं नाहीत, पहिला-दुसरा नाही, वर्षभर ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांना समोर बोलावून मुलांनी धन्यवाद म्हणायचं. बसवाले काका, शिपाई मावशी, पाण्याची टाकी धुणारे दादा. एरवी शाळेचं सगळं इंग्रजीत, पण मावशींची कार्डं पोरांनी मराठीत लिहिली होती आणि मावशींनी ती तिथेच उभं राहून, एकेक करून, सगळी वाचली. कार्यक्रम थांबला तर थांबला, सिस्टरनी घाई केली नाही.

नियोजन मात्र वाईट होतं. चौथीच्या मुलांच्या हातात मेणबत्त्या होत्या, त्या विझू नयेत म्हणून हॉलमधले पंखे बंद केले, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दोन मुलांना चक्कर आली. हा कार्यक्रम सकाळी सातला पटांगणातल्या झाडाखाली सहज होऊ शकतो. शिवाय सगळ्या सूचना इंग्रजीतच येतात. नातीला शाळेतून आणायला जाणाऱ्या आजीला त्या कळत नाहीत, मग आजी ताटकळत उभी राहते. खाली दोन ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे?

मेच्या सुरुवातीला पुढच्या बाकावरच्या त्या मुलाचं पहिलं कम्युनियन होतं, आम्हाला आमंत्रण होतं. सातव्या-आठव्या वर्षी, आधी कन्फेशन, म्हणजे फादरजवळ चुकांची कबुली देऊन, मुलं पहिल्यांदा मिस्सामधला तो पवित्र प्रसाद घेतात. तो फक्त कॅथलिकांनीच घ्यायचा असतो, त्यामुळे आम्ही जागेवर बसून राहिलो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाईंनी मुलाच्या हातात पाकीट ठेवलं आणि त्याच्या आजीशी जेवणाच्या पंगतीत जी गप्पांना बसल्या, त्या आम्ही उठवेपर्यंत.

ज्यांना प्रार्थनेचा आवाजही नको आहे, त्यांनी ही शाळा घेऊ नये, रोज कुरबूर होईल. ज्यांना फक्त इंग्रजी हवंय, त्यांना कमी फीत इतर शाळा आहेत. आपल्या घरातला देव घरात पक्का आहे आणि मुलाने दुसऱ्याच्या देवाजवळ आदराने उभं राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही शाळा निःसंकोच सुचवेन. प्रवेश घेताना दोन गोष्टी विचाराच: प्रार्थनेची सक्ती आहे का, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला तुमचं मूल नेमकं काय करतं. दुसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, वेळापत्रक बघायला मागा.

लेक जूनमध्ये चौथीत जातेय, याच शाळेत. मूल्यशिक्षणाच्या तासाबद्दल दिलेला शब्द शाळा पाळते की नाही, ते दिवाळीच्या सुट्टीत इथे लिहीन.