मॅनिफोल्डचा तुटका बोल्ट: क्लॅम्प लावावा की थोटूक काढावं?

सकाळी पिकअप सुरू केला की पहिली पाच-सात मिनिटं टिकटिक, आणि इंजिन तापलं की आवाज गायब. माझा पहिला संशय टॅपेटवर (इंजिनातल्या झडपा उघडणारा भाग) गेला, बहुतेकांचा तिथेच जातो. ऑइल बदलून पाहिलं, फरक शून्य. शेवटी टॉर्च घेऊन वाकून बघितलं तर शेवटच्या सिलेंडरपाशी, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) खेटून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलेंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या, कडेला काजळीचा ओघळ दिसला. तिथल्या बोल्टला डोकंच नव्हतं. म्हणजे टिकटिक तिथून निसटणाऱ्या धुराची.

ज्यांचं निदान इथवर आलंय आणि आता पुढे काय या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाटा दोन: बाहेरून दाबून धरणारा क्लॅम्प लावायचा, किंवा मॅनिफोल्ड उतरवून तुटलेलं थोटूक हेडमधून (सिलेंडरांवरचं झाकण, ज्याला मॅनिफोल्ड जोडलेलं असतं) काढायचं आणि नवा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) बसवायचा. मी एकाच ट्रकवर, एकाच बोल्टसाठी दोन्ही केलंय. उष्णता सहन करणारी पेस्ट फासणं ही तिसरी वाट म्हणून सांगितली जाते, पण सांधा पकडायला बोल्टच नसेल तर पेस्ट धरणार कशाला? ती सोडून देऊ.

क्लॅम्पबद्दल आधी चांगलंच बोलतो, कारण तो खरोखर हुशारीचा तुकडा आहे. बऱ्याच इंजिनांत हेडच्या टोकाला आटे पाडलेलं एक रिकामं भोक असतं. क्लॅम्प त्या भोकात बसतो आणि त्याचा स्क्रू मॅनिफोल्डच्या कानाला बाहेरून हेडवर दाबतो. बाकीच्या बोल्टांना हात लावावा लागत नाही, आणि हा फायदा लहान नाही. गंजलेल्या मॅनिफोल्डचा एक बोल्ट तुटलाय म्हणजे उरलेले रांगेत उभेच असतात. तुम्ही सोडवायला गेलात की आणखी एखादा हातात येणारच. मला क्लॅम्प बसवायला तासभरही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक इतका गप्प की आवाज ऐकायला मी मुद्दाम खिडकी खाली केली.

साधारण दीड महिन्याने एका थंड सकाळी टिकटिक परत आली. फार नाही, मिनिटभर. स्क्रू पाव फेरा आवळला, गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यात क्लॅम्पचा फार दोष आहे असं मी म्हणणार नाही. मॅनिफोल्ड बिडाचं आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम दर अंशाला बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पण मॅनिफोल्ड तापतंही कितीतरी जास्त. दोघांची ही ओढाताण रोजची, आणि तिचा सर्वाधिक ताण टोकाच्या बोल्टांवर येतो. बोल्ट तिथेच का तुटतात ते यातच आलं. जी ओढाताण पोलादी बोल्टचं डोकं उडवते, ती एका स्क्रूच्या टोकाला थोडंफार सरकवणारच. शिवाय माझं गॅस्केट (हेड आणि मॅनिफोल्डमधला गळती रोखणारा थर) आधीच कडेला जळालं होतं. क्लॅम्प दाब देतो, जळालेलं गॅस्केट भरून देत नाही.

आता मुख्य वैताग. तो पाव फेरा आवळायला काय काय करावं लागतं? ट्रक उचला, चाक काढा, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढा. त्याच्या क्लिपा प्रत्येक वेळी एखादी तरी तुटते. मग हात कोपरापर्यंत आत घालून, न दिसणाऱ्या स्क्रूवर पाना बसवायचा. आणि हे सगळं इंजिन थंड असताना, म्हणजे रात्रभर ट्रक उभा ठेवून. काम दोन मिनिटांचं, तयारी पाऊण तासाची. तिसऱ्यांदा चाक काढलं तेव्हा ठरवलं की पुढच्या वेळी चाक निघेल ते मॅनिफोल्ड उतरवायलाच. ज्यांच्या गाडीत ती जागा वरून, बॉनेट उघडून हाताला लागते, त्यांना हा वैताग कदाचित जाणवणारही नाही. तसं असेल तर माझ्या मताला तेवढंच वजन द्या.

थोटूक काढण्याच्या कामाला मात्र गोड शब्द नाहीत. आधी तीन संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारलं. तरीही सोडवताना आणखी एक तुटला. मी म्हटलं होतं ना! आता दोन थोटकं: नवं हेडच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर, जुनं हेडच्या पृष्ठभागाशी सपाट.

इथे लोक सरळ ड्रिलकडे वळतात. फायरवॉल मध्ये येत असल्याने ड्रिल सरळ धरता येत नाही, बिट कडक बोल्टवरून घसरतं आणि शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आत ठोकला आणि तो तुटला तर संपलंच. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल बिट त्याला ओरखडाही पाडत नाही. मी थोटकावर नट ठेवून, नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, ते फक्त थोटूक आणि नट एकजीव करतं. पण खरं काम करते ती उष्णता. थोटूक लालबुंद होऊन फुगतं, निवताना आकसतं, आणि गंजाची पकड सुटते. बाहेर आलेलं थोटूक पहिल्याच नटाला फिरलं. सपाट असलेल्याला आधी वॉशर, मग नट, असं करूनही तीन नट वाया गेले, चौथ्याने ऐकलं. निवू द्यायचं, थोडं तेल सोडायचं, आणि एकदम उलटं न फिरवता किंचित मागे-पुढे करत राहायचं. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा, आसपासच्या वायरी आणि इंधनाच्या नळ्या झाका, आग विझवायचं साधन हाताशी असू द्या. वेल्डिंगची सवय नसेल तर तेवढ्यापुरता सवयीचा माणूस बोलवा. यात कमीपणा नाही.

मॅनिफोल्ड बाहेर आलं तेव्हा क्लॅम्पने झाकून ठेवलेली गोष्ट दिसली. सरळ पट्टी लावली तर मागचं टोक वाकून हेडपासून दूर गेलं होतं. क्लॅम्प इतके दिवस तो वाक दाबून धरत होता. मशीनवर तोंड सपाट करून घेतलं, पोलादी पत्र्यांच्या थरांचं नवं गॅस्केट घातलं. बोल्टांऐवजी स्टड आणि नट लावले, आट्यांना निकेलची अँटी-सीझ (आटे जाम न होऊ देणारी) पेस्ट लावली आणि मधून टोकांकडे जात ठरलेल्या जोराने नट आवळले. सगळं मिळून शनिवार-रविवार गेला, आणि रविवारी रात्री माझ्याशी घरात कोणी फारसं बोलत नव्हतं.

तेव्हापासून दोन हिवाळे झाले. टिकटिक नाही, चाक काढलेलं नाही. मायलेज थोडं सुधारल्यासारखंही वाटतं. मोजलेलं नाही, पण कारण असू शकतं: गळतीतून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी, वाटतं आणि इंजिन नाहक जास्त इंधन घेतं.

तरी क्लॅम्प कोणासाठी बरा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकच बोल्ट तुटलाय, तोही अलीकडे, गॅस्केट शाबूत आहे, आणि ट्रक वर्षभरात विकायचाय, तर मी स्वतः क्लॅम्पच लावेन. इतर बोल्टांची डोकी गंजून गोल झाली असतील आणि वेल्डिंगची सोय नसेल, तरीही. एक मात्र बघा: गळती फायरवॉलजवळ असते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धूर केबिनमध्ये येत असेल तर दोन्हीपैकी काहीतरी आधी करा, मग आवडनिवड.

माझा क्लॅम्प मी एका मित्राला दिला. त्याला ट्रक चार महिन्यांत विकायचा होता, आणि घेणाऱ्याला त्याने तो दाखवलाही. माझ्या ट्रकच्या दुसऱ्या बाजूचा शेवटचा बोल्ट अजून जागेवर आहे, डोकं गंजलेलं आहे. त्या बाजूचं गॅस्केट आणि स्टडचा संच मी आणून ठेवलाय.